चंद्राच्या डोळ्यात यान रुततं ते १९०२ साली कसं केलं होतं? शाळेत मोबाइलवर तसं करता येईल का?

तुम्ही विचारलं आहे की चंद्राच्या डोळ्यात यान घुसतं तो जुना मूक विनोदपट कोणता, ती करामत कशी केली होती, शाळेच्या विज्ञान मंडळातल्या मुलांना ती मोबाइलवर करता येईल का, आणि मुलांना दाखवायची तर कोणती प्रत घ्यावी.

चित्रपट जॉर्ज मेलिएसचा. फ्रेंच नाव 'ल व्हॉयाज दाँ ला ल्यून', म्हणजे चंद्रावरची सफर. १९०२ च्या मे ते ऑगस्टमध्ये पॅरिसजवळच्या माँत्रय गावी त्याच्या काचेच्या स्टुडिओत तो चित्रित झाला. खर्च १०,००० फ्रँक, लांबी २६० मीटर. मेलिएस मूळचा जादूगार. १८८८ मध्ये त्याने पॅरिसचं रॉबेर-उदँ हे जादूच्या प्रयोगांचं थिएटर विकत घेतलं होतं, आणि स्टुडिओही त्याच थिएटरच्या मापावर बांधला होता. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं. त्याचा कॅमेरा म्हणजे नाटकाला आलेला आणि खुर्ची न सोडणारा प्रेक्षक. कॅमेरा जागचा हलत नाही, हलतं ते समोरचं सगळं. तुमच्या मुलांनी एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं.

चंद्र जवळ येतो त्या दृश्यातही कॅमेरा पुढे गेलेला नाही. चंद्र झालेल्या नटाला गळ्यापर्यंत काळ्या मखमलीने झाकून रुळांवर सरकणाऱ्या खुर्चीत बसवलं होतं, आणि ती खुर्ची कप्पीच्या दोरीने कॅमेऱ्याकडे ओढली होती. आदल्या वर्षीच्या एका चित्रपटात स्वतःचं डोकं फुग्यासारखं फुगवून दाखवताना मेलिएसने हीच युक्ती वापरली होती. नट चौकटीत नेमका कुठे येतो हे खुर्ची रुळांवर असल्यामुळे ताब्यात राहतं. खुर्ची थांबली की कॅमेरा बंद, नटाच्या डोळ्यावर तोफगोळ्याच्या आकाराचं यान बसवायचं, कॅमेरा पुन्हा सुरू.

मुलांसाठी असं करा. पुठ्ठ्याची साधारण ६० सेंमी व्यासाची चकती कापा, मधे चेहऱ्यापुरता लंबगोल काढा. वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीत भिजवून चकतीवर डोंगर आणि खड्डे उठवा, उन्हात पूर्ण वाळू द्या (ओली रंगवली तर पुठ्ठा वाकतो) आणि पांढऱ्या-करड्या रंगात रंगवा. चेहऱ्याला पातळ मुलतानी माती लावा, डोळ्यांभोवती दोन बोटं जागा सोडून. वाळली की तिला बारीक भेगा पडतात, त्या चंद्राला शोभतातच. मात्र ती अगदी चित्रीकरणाच्या आधी लावा, कारण सुकल्यावर चेहरा आखडतो आणि तोंड वाकडं करणं जमत नाही. या दृश्याची सगळी गंमत त्या वाकड्या तोंडात आहे.

मागचा पडदा आणि अंगावरचं कापड काळं आणि चमक नसलेलं हवं. साटन चालणार नाही, त्यावर उजेड पडला की घड्या पांढऱ्या दिसतात. मखमल मिळाली तर उत्तम, नाहीतर जाड सुती काळी चादर.

आता ओढणं. इथेच बहुतेकांचं चुकतं. चेहरा किती मोठा दिसतो हे अंतराच्या उलट प्रमाणात बदलतं. खुर्ची ४ मीटरवरून १ मीटरवर आणली तर चेहरा चौपट होतो, पण एकाच वेगाने ओढली तर पहिला मीटरभर काहीच घडत नाही असं वाटतं आणि शेवटी चेहरा एकदम अंगावर येतो. म्हणून भिंगापासून मोजून जमिनीवर खडूने ४००, २८३, २००, १४१ आणि १०० सेंमीवर रेघा मारा. प्रत्येक टप्प्याला दोन सेकंद. एका मुलाने मोठ्याने आकडे मोजायचे, दोघांनी दोरी ओढायची, म्हणजे ८ सेकंदांत चंद्र सारख्या गतीने वाढत येतो. शेवटचा टप्पा ४१ सेंमीचाच आहे, तिथे हात आवरता घ्यावा लागतो.

ऑफिसच्या खुर्चीची चाकं फिरकीची असतात, ती बाजूला पळते. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठेवून वाट आखा, किंवा सरळ चार पक्क्या चाकांची सामान वाहायची गाडी घ्या आणि तिच्यावर स्टूल घट्ट बांधा. मोबाइलचं भिंग नटाच्या नाकाच्या उंचीवरच हवं. ते वर-खाली असेल तर खुर्ची जवळ येताना चेहरा चौकटीतून वर किंवा खाली सरकत जातो आणि मुलं उगाच नटाला दोष देत बसतात.

तोफगोळा पुठ्ठ्याचा, साधारण १५ सेंमी लांब आणि आतून पोकळ. तो डोळ्यावर दाबायचा नाही. डोळ्याच्या पट्टीसारखी पुठ्ठ्याची वाटी करा, तिला इलॅस्टिक लावून डोक्यामागे अडकवा आणि गोळा त्या वाटीवर आधी चिकटवून ठेवा. वाटीच्या कडेला घट्ट खळ लावली की डोळ्यातून ओघळल्यासारखी दिसते, मूळ चित्रपटातही ओघळ आहेच. वाटीखालचा डोळा मिटलेला असू द्या.

कॅमेरा थांबवून गोळा बसवण्याच्या या बदलाला मी 'स्टॅच्यू'ची युक्ती म्हणेन, कारण खेळ तोच आहे. मेलिएस कॅमेऱ्याचं हँडल थांबवून नटांना जागच्या जागी थिजवायचा, हवा तो बदल करायचा आणि पुन्हा हँडल फिरवायचा. पण तेवढ्यावर भागत नसे. त्याच्या चित्रपटांच्या फिल्म तपासल्यावर दिसून आलं की अशा प्रत्येक जागी फिल्म कापून पुन्हा जोडलेली आहे. म्हणजे ही करामत कॅमेऱ्यात अर्धी आणि टेबलावर कात्रीने अर्धी झालेली आहे.

मोबाइलवर याचा सरळ अर्थ असा की चित्रीकरण थांबवूच नका. थांबवायला बोट लावलं की मोबाइल केसभर हलतो आणि जोड उघडा पडतो. रेकॉर्डिंग चालू ठेवा, "स्टॅच्यू" म्हणा, बदल करा, "चालू" म्हणा आणि मधला भाग नंतर एडिटिंग अ‍ॅपमध्ये एकेक फ्रेम बघून कापा. सुरू करण्याआधी स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश दोन्ही लॉक करा, नाहीतर पांढरा धूर उडाला की मोबाइल स्वतःहून सगळं चित्र काळवंडून टाकतो. खुर्ची ओढायच्या दृश्यात फोकस २०० सेंमीच्या रेघेवर कुणाला तरी उभं करून लॉक करा. व्हिडिओ स्थिर करणारी सोय बंद ठेवा, ती चौकट किंचित सरकवत राहते.

सेलेनाइट, म्हणजे चंद्रावरचे रहिवासी, छत्रीचा फटका बसला की धुराचा लोट होऊन नाहीसे होतात. हे दृश्य मुलांना सर्वांत आवडेल आणि करायलाही सर्वांत सोपं आहे. छत्री सेलेनाइटच्या खांद्याला टेकली की स्टॅच्यू. सेलेनाइट झालेला मुलगा हळूच बाहेर जातो. त्याच्या जागी दुसरा खाली बसून टाल्कम पावडरची पातळ फडक्यातली पुरचुंडी वर झटकतो आणि झटकल्याबरोबर चौकटीबाहेर पळतो. कापताना पहिला तुकडा छत्री टेकण्याच्या फ्रेमवर संपवा आणि दुसरा तुकडा पावडर पुरेशी पसरून मुलगा बाहेर गेल्यानंतरच सुरू करा. बघणाऱ्याचं लक्ष फटक्याच्या हालचालीवर असतं, म्हणून जोड तिथे लपतो. दोन-चार फ्रेम उशिरा कापलं तर जादू मरते, आणि विनोदही मरतो. या चित्रपटातलं हसू निम्मं अभिनयाचं आणि निम्मं या कापण्याच्या अचूकपणाचं आहे.

छत्रीवाल्याचा हात बदलाच्या वेळात दोन-तीन सेंमी खाली येतो, तो जोडावर उडी मारल्यासारखा दिसतो. त्याच्या कोपराखाली चौकटीबाहेरून काठीचा टेकू द्या. पंखा बंद ठेवा, पडदा आणि केस हलता कामा नयेत. चित्रीकरण ढगाळ सकाळी व्हरांड्यात करा. खोलीत ट्यूबलाइटखाली सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने व्हिडिओ घेतला तर बऱ्याच मोबाइलमध्ये आडवे पट्टे सरकताना दिसतात. उन्हात बदलाला दोन-तीन मिनिटं लागली आणि ढग आला तर तुकड्यांचा उजेड जुळत नाही. काचेच्या स्टुडिओत मेलिएसलाही ढगांचीच अडचण होती.

देखावे फक्त पांढरे, काळे आणि करडे रंगवा. मेलिएसचे असेच होते. त्या वेळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ काळा दिसायचा, त्यामुळे रंगीत देखावा पडद्यावर कसा उतरेल याचा भरवसा नसे. मोबाइलवर कृष्णधवल करताना लाल कमी आणि निळा जास्त ठेवला की त्या फिल्मच्या जवळ जाता येतं. सेलेनाइटांचे मुखवटे त्याने आधी मातीत घडवले, त्यांचे प्लास्टरचे साचे काढले आणि साच्यांवरून पुठ्ठ्याचे मुखवटे करून घेतले. आपल्याकडे गणपतीचे साचे करणारे कारागीर ही पद्धत जाणतात. कोणी ओळखीचे असतील तर एक साचा करून घ्या, दहा मुखवटे एकसारखे निघतील. मूळ सेलेनाइट पॅरिसच्या फोली बेर्जेर या करमणुकीच्या नाट्यगृहाचे कसरतपटू होते म्हणून त्या कोलांट्या इतक्या सहज आहेत. तुमच्याकडे मल्लखांबाची मुलं असतील तर त्यांनाच घ्या.

समुद्राचं दृश्य वेळ असेल तरच करा. यान पाण्यात बुडून वर येतं ते पुठ्ठ्याचं कापलेलं चित्र आहे. सोबत मत्स्यपेटी होती, तिच्यात हवेचे बुडबुडे सोडले होते आणि बेडकाची शेपटीवाली पिल्लंही होती. पिल्लांची गरज नाही. काचपेटी पुढे, पुठ्ठ्याचं यान तिच्या मागे दोऱ्याला बांधून, आणि माशांच्या पेटीचा हवेचा पंप एवढं पुरतं. काचेत मोबाइलचं प्रतिबिंब पडतं, म्हणून काळ्या कापडाला भिंगाएवढं भोक पाडून मोबाइल त्याच्या मागे ठेवा.

आता प्रत. आधी लांबी बघा. रंगीत प्रत सावरताना १३,३७५ फ्रेम जुळवल्या गेल्या. सेकंदाला १६ फ्रेमने त्या सुमारे १४ मिनिटं चालतात, १४ ने जवळपास १६ मिनिटं आणि आजच्या २४ ने सव्वानऊ मिनिटांत संपतात. नऊ मिनिटांची प्रत दिसली तर ती पळवलेली किंवा कापलेली आहे. १४ ते १६ मिनिटांची घ्या, त्या वेगात माणसं माणसांसारखी चालतात. शेवटही तपासा. बऱ्याच प्रतींत परतलेल्या शास्त्रज्ञांच्या मिरवणुकीचा भाग नाही, जहाज यानाला ओढून नेतं तिथेच चित्रपट थांबतो. शेवटी पुतळा आणि पकडून आणलेल्या सेलेनाइटला नाचवणं दिसलं पाहिजे.

ते दाखवाच, कारण विनोदाचा रोख तिथे कळतो. टोकदार टोप्या घातलेले शास्त्रज्ञ भांडतात, एकमेकांवर वह्या-पुस्तकं फेकतात, न विचारता दुसऱ्याच्या घरी उतरतात, तिथल्या राजाला आपटून धूर करतात आणि परत येऊन पदकं घेतात. मेलिएसने तरुणपणी राजकीय व्यंगचित्रं काढली होती. मला ही मिरवणूक त्या व्यंगचित्रांच्याच जातीची वाटते. मुलांना विचारून बघा, इथे आक्रमण कोणी केलं?

रंगीत प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनाच्या चित्रपट संग्रहालयाकडे आली, आणि सावरलेली आवृत्ती २०११ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. मेलिएसचे चित्रपट एलिझाबेथ त्युइलिएच्या पॅरिसमधल्या कार्यशाळेत रंगत. तिथल्या बायका फ्रेममागून फ्रेम ब्रशने रंगवत आणि प्रत्येकीकडे एकच रंग असे. हे सांगून मगच रंगीत प्रत लावा. ध्वज आणि कपडे कडेने थरथरताना दिसतात तो दोष नाही, प्रत्येक फ्रेमला हात वेगळा फिरल्याची ती खूण आहे.

चित्रपटात एकही लिखित पाटी नाही. त्या काळी असे चित्रपट पडद्याशेजारी उभं राहून कोणी तरी समजावून सांगत असे, आणि संगीतही समोर वाजे. तुमच्या एखाद्या मुलीला मराठीत हे निवेदन करू द्या. मेलिएसच्या कंपनीच्या यादीत या चित्रपटाची ३० दृश्यं नावांसह दिली होती, तर दर दृश्याला एक-दोन वाक्यं पुरतील. मूळ चित्रपट भारतात केव्हाच स्वामित्वहक्काबाहेर गेला आहे, पण रंगीत आवृत्तीचं नवं संगीत २०११ चं आहे. शाळेचा कार्यक्रम पुढे इंटरनेटवर टाकणार असाल तर कृष्णधवल प्रत आवाज बंद करून लावा आणि पेटी-तबला आपला वाजवा.