सहानुभूतीचा कोर्स लावावा का?

ताई, तुमची लेक कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोड आता एआय लिहून देतं, म्हणून कॉलेजात सगळे ‘कल्पकता आणि सहानुभूती शिका’ म्हणतात. त्यासाठी महागडा कोर्स लावू का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते लावू नका. गुण मात्र खरेच लागतात. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५च्या अहवालात कंपन्यांना हव्या असलेल्या कौशल्यांत सर्जनशील विचार आणि समजून घेत ऐकणं, दोन्ही पहिल्या दहात आहेत.

मी वीस वर्षं अ‍ॅपची डिझाइनं करते. हाताखाली येणाऱ्या मुलांना आधी जयपूर फूट या कृत्रिम पायाबद्दल सांगते. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी परदेशी धाटणीचे कृत्रिम पाय बसवत. लोक ते घरी नेऊन ठेवून देत. पायात बिघाड काहीच नसायचा. पण त्यावर बूट घालावा लागे आणि घोटा वळत नसे. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, अनवाणी चिखलात राबणाऱ्या माणसाने तो वापरायचा कसा? मग १९६०च्या दशकाच्या अखेरीस सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर यांनी रबराचा, सगळीकडे वळणारा, बुटाविना चालणारा पाय घडवला. रबर साच्यात भाजायची रीत टायर रिमोल्ड करणाऱ्यांकडची. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की पेशंटलाच दोष देऊन ते मोकळे झाले नाहीत.

आमच्या हातून नेमकं तेच झालं होतं. बचत गटासाठी अ‍ॅप केलं, बायका वापरेनात. ‘ट्रेनिंग कमी पडलं’ असं आम्ही लिहून टाकलं. शेवटी मी एका गटाच्या बैठकीला जाऊन बसले. ओटीपी येई तो फोन नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा शेतावर! शिवाय वहीत सगळ्यांसमोर आकडा मोठ्याने वाचला जाई, त्यावर त्यांचा विश्वास होता. मग ओटीपी काढला, गटाचा एकच फोन ठेवला आणि जमा रक्कम मराठीत मोठ्याने बोलली जाईल असं केलं. कोड दोन दिवसांचा होता, तोही एआयने लिहिला असता. पण त्याला हे सांगायला कोणीतरी त्या सतरंजीवर बसायला हवं होतं.

म्हणून लेकीला सुट्टीत चार दिवस पतसंस्थेच्या काउंटरपाशी किंवा सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या रांगेजवळ, परवानगी घेऊन, बसू दे. मदत लगेच करायची नाही. कोण कुठे अडतं, अडल्यावर कोणाकडे बघतं, एवढंच वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी कंटाळेल. तिसऱ्या दिवशीची वही मला नक्की दाखवा, मी वाचून कळवते.