सांगलीत घर बघताना आधी विचारा, किती फुटाला पाणी येतं?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. पुण्याहून सांगलीला यायचं, मिस्टरांची नोकरी कुपवाड एमआयडीसीत, तुमचं काम घरून, मुलं पाच आणि दोन वर्षांची, सासू-सासरे नदीकाठच्या जुन्या गावभागात. शामरावनगरला प्लॉट स्वस्तात मिळतोय, विश्रामबागचा फ्लॅट महाग पडतोय, तर काय करावं? माझं मत आधीच सांगते. यंदाचा पावसाळा विश्रामबाग-विजयनगरच्या पट्ट्यात भाड्याने राहून काढा आणि प्लॉटचा इसार आत्ता देऊ नका.

सांगलीत घर बघताना पहिला प्रश्न पाण्याचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. इथल्या माणसांना हे आकडे पाठ असतात आणि प्रत्येक गल्लीचा आपला एक आकडा असतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत चाळिशीच्या आसपास, कधी त्याआधीच लोक सामान हलवायला लागतात. 2005 ला पाणी 50 फुटांच्या पुढे गेलं, 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 च्या वर, 2021 ला पुन्हा 50 च्या पुढे. म्हणून कुठलंही घर बघायला गेलात की एजंटला नको, समोरच्या घरातल्या आजींना विचारा, "तुमच्याकडे किती फुटाला पाणी येतं?" त्या क्षणात सांगतील, वर 2019 ला कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं तेही दाखवतील.

घराच्या भिंती रंगवलेल्या असतात, त्यांच्यावर जाऊ नका. जिन्याखाली बघा, मागच्या बाजूला संडासाच्या भिंतीकडे बघा, तिथे कुणी रंग देत नाही. लाकडी चौकट खालच्या टोकाला फुगलेली असते, दार घासून लागतं. विजेचा मीटर शेजारच्या घरांच्या मानाने भलताच उंच बसवलेला दिसला तर का, ते विचारा. या खुणा खोटं बोलत नाहीत.

पूररेषेचा नकाशाही बघा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मधे अटी. पण लाल रेषेजवळचं घर विकताना "शंभर वर्षांतून एकदाच हो" असं कुणी म्हणालं तर वर दिलेली तीन सालं त्यांना ऐकवा.

आता शामरावनगर. तिथला त्रास नुसता नदीचा नाही, पावसाचाही आहे, आणि नवख्या माणसाचा घोळ इथेच होतो. तो विचारतो "पूर येतो का?", समोरचा म्हणतो "नाही येत", आणि विषय संपतो. जमीन काळी, सखल, पाण्याला जायला वाट नाही. नदी शांत असली तरी दोन दिवस चांगला पाऊस झाला की मोकळ्या प्लॉटांमध्ये तळी होतात. ते पाणी हिरवं पडतं, डास होतात, आणि दोन वर्षांच्या बाळाला घेऊन त्या डासांत राहणं म्हणजे डेंगीच्या धास्तीत राहणं. आतल्या गल्ल्यांत चिखल इतका चिकट की शाळेची रिक्षा आत येत नाही. माझ्या ओळखीची एक आई पावसाळाभर मुलाला कडेवर घेऊन, त्याचे बूट पिशवीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत जायची. तिथे त्याचे पाय पुसून बूट चढवायची आणि मग रिक्षात बसवायची. शामरावनगर सगळं असंच आहे असं मी म्हणत नाही. रस्त्याकडेच्या, भराव टाकून उंच केलेल्या भागात लोक बरे राहतात. पण प्लॉट तुम्ही एप्रिलमध्ये बघितलात. तो जुलैमध्ये, पाऊस उघडल्यावर तिसऱ्या दिवशी बघा. पाणी तोवर हटलं नसेल तर किंमत कितीही कमी असू दे, सोडून द्या.

त्या प्लॉटचे कागदही तपासा. सांगलीत गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट, खूप आहे. 2001 चा कायदा गुंठेवारी नियमित करण्यासाठी आला, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. मालक "होतंय की नियमित" म्हणतील, पण महापालिकेचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, बँकही कर्जाला तेच मागते. शिवाय विकास आराखड्यात त्या जागेवर रस्त्याचं किंवा बागेचं आरक्षण नाही ना, हे नगररचना विभागातून काढून घ्या. सातबारा कोरा असला म्हणजे झालं असं नाही.

विश्रामबाग, नेमिनाथनगर, विजयनगर हा भाग मला तुमच्यासाठी बरा वाटतो तो झगमगाटामुळे नाही. विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजांमुळे वस्ती जुनी, स्थिरावलेली आहे, चालत जाण्याजोग्या अंतरावर शाळा, दवाखाना, भाजी मिळते. कुपवाडला मिस्टरांना दुचाकीने सहज जाता येईल. आणि मिरज जवळ. लहान मुलांच्या घराला रात्री-अपरात्री डॉक्टर लागतात, मिरजेत ती सोय पिढ्यान् पिढ्या आहे. सांगली-मिरज रस्त्याला वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी गाडीही मिळते, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही. पण या पट्ट्यातही गल्लीगणिक फरक आहे, फुटांचा प्रश्न इथेही विचारायचाच.

कुपवाडमध्येच घर घेण्याचा विचार कराल तर जागा उंचावर आणि दर कमी, हे खरं. पण मुलांची शाळा, क्लास, दवाखाना या सगळ्यासाठी रोज सांगलीकडे यायचं आणि ते करणार तुम्ही, घरून काम सांभाळून. मिस्टरांचे वीस मिनिटं वाचवायला तुमचा दीड तास घालवू नका. ड्रेनेज आहे की सेप्टिक टाकी, नळाचं पाणी येतं की बोअरचं, हेही विचारून घ्या. मिरजेबद्दल वेगळं लिहीत नाही. गावभागातल्या सासू-सासऱ्यांपासून ते फारच लांब पडेल.

आणि हा मुद्दा तुमच्या प्रश्नात कुठेच नव्हता, म्हणून जोर देऊन सांगते. गावभागात पाणी चढायला लागलं की सासू-सासरे तुमच्याकडे येणार. एक-दोन रात्रींसाठी नाही, पाणी ओसरून घर धुऊन काढेपर्यंत. त्यांची कागदपत्रं, देव, गाद्या, धान्याचे डबे सगळं येणार. म्हणून घर निवडताना एक खोली जास्त धरा, आणि लिफ्ट असलेली इमारत किंवा पहिला मजला बघा, म्हाताऱ्या गुडघ्यांना तिसरा मजला झेपत नाही. तळमजला मात्र टाळा. मोठ्या पुरात उंच भागातल्या घरांचीही वीज आणि नळ बंद पडतो, 2019 ला तेच झालं. तेव्हा इमारतीची टाकी केवढी आहे आणि पंपाची मोटर कुठे बसवली आहे, हे घर बघतानाच बघा.

थोरल्याची शाळा आधी नक्की करा, घर नंतर. शाळा बघायला जाल तेव्हा सुटण्याच्या वेळी जा. फाटकासमोरचा रस्ता तेव्हा कसा असतो ते कळेल, आणि उभ्या असलेल्या आयांना विचारलंत की कुठून रिक्षा येतात, कुठून येत नाहीत, ते पाच मिनिटांत समजतं. भाड्याची घरं जूनच्या आधी शोधा, शाळा सुरू झाल्या की बरी घरं उरत नाहीत. करार अकरा महिन्यांचा करा, म्हणजे पावसाळा पूर्ण बघून होईल आणि दिवाळीनंतर निवांत प्लॉट-फ्लॅटचं ठरवता येईल. प्लॉटचा गट नंबर माहीत असेल तर पूररेषेच्या नकाशावर तो कुठे येतो ते आधी तपासून घ्या, आणि गल्ली कुठली ते या ग्रुपवर सांगा. त्या बाजूला राहणारे सदस्य इथे आहेत, तिथला आकडा तेच सांगतील.