ब्रिटनमध्ये प्रोबेट फी (मृत्युपत्रावर अंमल करायला कोर्टाची मंजुरी घेण्याची फी) वाढवण्यावरून संसदेत एवढा वाद का झाला? मोठी इस्टेट, म्हणजे मागे राहिलेली मालमत्ता, असणाऱ्यांना सहा हजार पौंड जड जातात का?

सहा हजारांचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला, कारण सरकारची तीच इच्छा होती. वीस लाख पौंडांच्या वर इस्टेट असेल तर सहा हजार, मग त्यांच्यासाठी कोण रडणार? पण भांडण त्या टोकाचं नव्हतंच. ते मधल्या टप्प्यांचं होतं, आणि अशाच एका टप्प्यात आमच्या आत्याचं घर सापडलं होतं. म्हणून लिहितोय.

हा वाद पेटला तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये फी सरसकट होती. स्वतः अर्ज केलात तर 215 पौंड, सॉलिसिटरमार्फत (वकिलामार्फत) केलात तर 155, इस्टेट पाच हजारांच्या आत असेल तर काहीच नाही. इस्टेट लहान असो की मोठी, कचेरीतलं काम तेच: मृत्युपत्र तपासा, अर्ज बघा, शिक्का मारा. 2016 मध्ये न्याय मंत्रालयाने इस्टेटीच्या किमतीनुसार फी लावायची टूम काढली, वरचा आकडा 20,000 पौंड. लोकांनी बोंब मारली. संसदेच्या संयुक्त समितीनेही हे दिलेल्या अधिकारात बसतं का, अशी शंका काढली. 2017 ची मध्यावधी निवडणूक जाहीर झाली आणि ते बारगळलं. नोव्हेंबर 2018 मध्ये तेच परत आलं, जरा सौम्य करून. 50,000 पर्यंत माफ, 3 लाखांपर्यंत 250, 5 लाखांपर्यंत 750, त्यावर एक पौंड गेला की थेट 2,500, आणि पुढे चार, पाच, सहा हजार.

सरकारचं म्हणणं होतं की दरवर्षी 25,000 इस्टेटी फीमधून सुटतील, ऐंशी टक्के लोकांना 750 किंवा त्याहून कमीच भरावे लागतील, आणि वर्षाला साधारण 14.5 कोटी पौंड जास्तीचे येतील ते कोर्टांवर खर्च होतील. आकडे खोटे नव्हते. मेख दुसरीकडेच होती. खर्चापेक्षा जास्त फी घ्यायची मुभा 2014 च्या एका कायद्याने मंत्र्यांना दिलेली होती, पण कामाला येणाऱ्या खर्चाच्या पंचवीस-तीस पट घेतलं तर त्याला फी कोण म्हणेल? लॉर्ड्सच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, छाननी समितीने लिहूनच टाकलं की हा जवळपास छुपा कर आहे आणि फी लावण्याच्या अधिकाराचा गैरवापर आहे. कर लावायचा तर वित्त विधेयक आणावं लागतं, त्यात दुरुस्त्या सुचवता येतात, पूर्ण सभागृह भांडतं. इथे आदेश ठेवला की 'हो' किंवा 'नाही', मधलं काही नाही. लॉर्ड्समध्ये विरोधी मजूर पक्षाचे लॉर्ड बीचम यांनी डिसेंबरात खेदाचा, म्हणजे नुसती नाराजी नोंदवणारा, प्रस्ताव मांडला. कॉमन्समध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, हा विषय एका छोट्या समितीकडे गेला आणि 7 फेब्रुवारी 2019 ला तिथे तो 9 विरुद्ध 8 मतांनी मंजूर झाला. एका मताने! शेवटचं मतदान मुख्य सभागृहात व्हायचं होतं, ते ब्रेक्झिटच्या धुमाळीत सरकारने कधी लावलंच नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये न्यायमंत्री रॉबर्ट बकलंड यांनी प्रस्ताव मागे घेतला.

आता आत्याचं सांगतो. ती जानेवारी 2019 मध्ये गेली. काका आधीच गेले होते. काका बस चालवायचे, आत्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये होती. सत्तरच्या दशकात दोघांनी पै पै करून लंडनच्या वेम्बली भागात घर घेतलं, तेव्हा ते कुणाला नको होतं. आत्या गेली तेव्हा एजंटाने त्याच घराची किंमत 5,30,000 लिहून दिली. बँकेत मात्र अंत्यविधीचं बिल भागून थोडंफार उरेल एवढंच. मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे त्यावर अंमल करणारा, म्हणून माझं नाव, वारस माझी थोरली आतेबहीण आणि तिचा भाऊ.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. काकांची न वापरलेली वारसा कराची सूट आत्याला मिळत होती, 3,25,000 अधिक 3,25,000. म्हणजे कर खात्याच्या लेखी या इस्टेटीवर कर शून्य. आणि नवा आदेश लागू झाला असता तर याच इस्टेटीला 215 ऐवजी 2,500. तेही आधी भरायचे, कारण प्रोबेट हातात आल्याशिवाय घर विकता येत नाही आणि घर विकल्याशिवाय पैसा येत नाही. बँक अंत्यविधीचं बिल परस्पर चुकतं करते, पण बाकीचं एक्झिक्युटरने खिशातून घालायचं. सरकार म्हणत होतं, खात्यातून फीचे पैसे सोडायची बँकेला विनंती करा. बँकेत पैसे असले तर ना!

आमचे दाजी, म्हणजे आतेबहिणीचे यजमान, या फीच्या बाजूचे. तेराव्यानंतर सगळे आत्याच्या घरी बसलो होतो, टेबलावर कागद पसरलेले. दाजी म्हणाले, "श्रीमंतांनी चार पैसे जास्त दिले तर बिघडलं कुठं? कोर्टं काय हवेवर चालतात? मुंबईतही प्रोबेटची फी किमतीवरच लागते." चहा संपायच्या आत तेच दाजी मला म्हणतात, "त्या एजंटाला सांग, 4,90,000 लिहून दे. पाच लाखांच्या आत बसलं की 750 मध्ये सुटू." हे बोलताना झेरॉक्स काढायला म्हणून मृत्युपत्राच्या कोपऱ्यातली स्टेपल पिन नखाने उचकटत होते. मी कागद ओढून घेतला. मूळ मृत्युपत्राची पिन काढायची नसते. नवी भोकं दिसली की त्याला आणखी काही जोडलेलं होतं का, असा प्रश्न येतो आणि प्रतिज्ञापत्रं द्यावी लागतात. पिन वाचली, पण दाजी रुसले.

किंमत कमी लिहायला मी नकार दिला. एक म्हणजे अर्जाखाली 'हे सत्य आहे' अशी सही माझी होती, दाजींची नव्हती. दुसरं म्हणजे दाजींचं गणितच कच्चं. प्रोबेटला जी किंमत लावता तीच पुढे घर विकताना भांडवली नफ्यावरच्या करासाठी मूळ किंमत धरली जाते. 4,90,000 लिहून 5,30,000 ला विकलं असतं तर 40,000 नफा दिसला असता. त्यातून 12,000 ची सूट आणि विक्रीचा नऊएक हजार खर्च काढला तरी उरलेल्या 19,000 वर 28 टक्के, म्हणजे पाच हजारांच्या वर कर. फीचे 1,750 वाचवायला! हे मी तेव्हा कागदावर मांडून दाखवलं. दाजी म्हणाले, "तू फार कायदा शिकलास."

मुंबईचा दाखलाही अर्धवटच. महाराष्ट्रात फी किमतीवर लागते खरी, पण तिला 75,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे. एके काळी इतर दाव्यांना मर्यादा होती आणि प्रोबेटला नव्हती. तो भेदभाव उच्च न्यायालयाने रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयातही राज्य सरकार हरलं. आणि आता तर डिसेंबर 2025 मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 213 काढल्यापासून मुंबईत प्रोबेटची सक्तीच उरलेली नाही.

आम्ही फेब्रुवारीतच अर्ज टाकला, 215 भरले, प्रोबेटच्या शिक्क्याच्या प्रती पन्नास पेन्सना एक अशा मूठभर जास्तीच्या घेतल्या. एप्रिलपासून नवी फी लागणार अशी हवा होती, सगळ्यांचीच घाई चालली होती. फी आली नाही. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत दाजी ऐकवतात: "बघ, उगाच घाबरलास, काही झालं नाही." अहो, काही झालं नाही कारण लोकांनी खासदारांना पत्रं लिहून हैराण केलं, वकिलांच्या संघटना तुटून पडल्या, आणि काठावरच्या एका मताने पास झालेली गोष्ट मुख्य सभागृहात न्यायची सरकारची हिंमत झाली नाही. पाऊस थांबल्यावर छत्रीला नावं ठेवण्यासारखं आहे हे.

श्रीमंतांकडून जास्त घ्यायला माझी हरकत नाही. वारसा कराचा दर वाढवा, अर्थसंकल्पात आणा, निवडणुकीत सांगून मतं मागा. कोर्टाच्या खिडकीवर पावती फाडून नको.

आज तुम्हाला अर्ज करायचा असेल तर फी सरसकटच आहे: जानेवारी 2022 मध्ये 273 झाली, मे 2024 पासून 300. नवरा-बायकोच्या संयुक्त मालकीचं घर असेल तर ते जोडीदाराकडे आपोआप जातं, त्यासाठी प्रोबेट लागत नाही. मात्र हिस्से वेगळे नोंदवलेले असतील तर लागतं, म्हणून नोंदणीचा कागद आधी काढून बघा. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची पद्धत वेगळी आहे, वरचं काहीही तिथे लावू नका. भांडवली नफ्याचे वर दिलेले आकडे 2019 चे आहेत, आता दर 24 टक्के आणि सूट फक्त 3,000, म्हणजे कमी किंमत लिहिण्याची हौस आणखी महाग पडेल. मी सॉलिसिटर नाही, इस्टेटीत परदेशातली मालमत्ता असेल तर पैसे खर्चून एक गाठाच. आणि घराची किंमत काढायला माणूस येणार असेल त्या दिवशी जावयाला घरी बोलावू नका.