माणसाळलेले खोकड पुन्हा माळावर राहू शकेल का?

मोहोळजवळच्या वस्तीवर कोणीतरी पाळून सोडून दिलेले, गळ्यात दोरी असलेले ‘कोल्ह्याचे पिल्लू’ आपण वनविभागामार्फत वन्यजीव रुग्णालयात पोहोचवले; आता ते सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळावर कधी सोडतील आणि तोवर त्याला भेटायला जाता येईल का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : कृपया जाऊ नका.

मांजराएवढा देह, मोठे कान आणि शेपटीचे काळे टोक हे आपले वर्णन पाहता तो कोल्हा (जॅकल) नसून खोकड (इंडियन फॉक्स) असावे. सुरुवातीला त्याला वेगळे ठेवतील, कारण वस्तीवरच्या कुत्र्यांकडून रेबीज किंवा डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक घातक विषाणूजन्य आजार) आला असल्यास तो लगेच दिसत नाही. दूध-भाकरी आणि हाडाविना मटणाच्या तुकड्यांवर वाढलेल्या पिल्लाची हाडे बहुधा मऊ राहतात, पाय वाकतात. क्ष-किरण तपासणीत ते कळते आणि वेळीच आहार सुधारला तर बऱ्याच अंशी भरूनही येते.

खरे अवघड आहे ते माणसाची सवय मोडणे. एका केंद्रात स्वयंसेवक असताना मी अशाच एका पिल्लाचे नाव बंड्या ठेवले होते आणि रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलत बसायचो. महिन्याभरात माझ्या स्कूटरचा आवाज फाटकाशी आला की ते जाळीला नाक लावून शेपटी हलवू लागे. मला त्याचे कौतुक वाटे. डॉक्टरांनी मात्र एका अनोळखी माणसाला हातात काठी देऊन आत पाठवले, तेव्हा बंड्या त्याच्याही पायाशी जाऊन लोळला. त्याला सोडता आले नाही, आणि त्यात माझा वाटा मोठा होता.

म्हणून जाणकार केंद्रांत अन्न देणारा माणूस दिसू देत नाहीत, वेळ आणि जागा बदलतात, उंदीर, वाळवी, टोळ, बोरे असे माळावरचे खाणे मातीत किंवा गवतात दडवून ठेवतात आणि शक्य झाल्यास दुसऱ्या पिल्लाची सोबत देतात. शिकार जमली, बीळ उकरता आले आणि माणूस व कुत्रा दिसताच ते पळू लागले, तरच सोडण्याचा विचार होतो. तेव्हाही थेट नेऊन सोडण्यापेक्षा माळावरच्या कुंपणात काही दिवस ठेवून, मग दार उघडे ठेवून, काही काळ अन्न देत राहणे बरे. नान्नजचे नाव आपल्या सर्वांच्या तोंडी असते, पण तिथे आधीच जोडीने राहणारी खोकडे आपल्या हद्दीत नवख्याला सहज सामावून घेतीलच असे नाही. जागा वनविभागालाच ठरवू द्यावी.

आपल्याकडून डॉक्टरांना खरी मदत होईल ती माहितीची : ते कोणाकडे, किती दिवस होते, काय खात होते, तिथे कुत्री होती का. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार खोकड पाळणे गुन्हा असल्याने वस्तीवरचे लोक सांगायला कचरतील, तरी विचारून पाहा. आणि त्याने आपल्याला किंवा तिथल्या कोणा मुलाला चावले वा ओरखडले असेल, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन आजच सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सुरू करा. त्याच्या तपासणीची वाट पाहू नका.