ग्राइंडरपाशी जाणारा अर्धा दिवस

पत्र, थोडक्यात: मुलगा 19 वर्षांचा. बारावीला 61 टक्के. इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा दोनदा देऊनही जमलं नाही, तेव्हा त्याच्याच हट्टानं टिग वेल्डिंगच्या (टंगस्टनच्या टोकापासून निघणाऱ्या विजेच्या ज्योतीनं धातू जोडण्याच्या) वर्गाला घातलं. सहा आठवडे झाले. रोज संध्याकाळी मी त्याच्याकडून दिवसातल्या सर्वांत चांगल्या बीडचा (वेल्डिंगच्या रेघेचा) फोटो मागवतो. इंटरनेटवर दिसतं तसं एकही काम अजून दिसलं नाही. हात थरथरतो. अर्धा दिवस तर ग्राइंडरपाशीच जातो. त्याच्या वहीच्या पानांचे फोटो त्याला न सांगता सोबत पाठवतो आहे. आता त्याला काढून घ्यावं, की 6जी या पाइप-वेल्डिंगच्या सर्टिफिकेटच्या क्रॅश कोर्सला घालून परदेशी पाठवावं? – एक वडील

नमस्कार,

तुमच्या पत्रात मला खटकला तो संध्याकाळचा फोटो.

रोज एक चांगला बीड दाखवायचा म्हटलं की मुलगा जमतं तेच करत राहतो. वहीत गेले तीन आठवडे सपाट टेबलावर, एमएसच्या (साध्या स्टीलच्या) पट्टीवर ओढलेल्या सरळ रेघांखेरीज काही नाही. टी-जॉइंट (आडव्या पट्टीवर उभी पट्टी जोडणं) त्यानं एकदा करून पाहिला, पुढे ‘खराब’ असं लिहिलं आणि सोडून दिला. पहिले टी-जॉइंट सगळ्यांचेच खराब होतात. टॉर्च (हातात धरायचं वेल्डिंगचं हत्यार) कोपऱ्यात नीट जात नाही, उभ्या पट्टीच्या कडेला खाच पडते आणि मूळ (जोडाचा आतला तळ) वितळण्याआधीच फिलर (जोडात भरायची वितळणारी सळई) दोन्ही बाजूंना पूल बांधून मोकळा होतो. वरून बरं दिसतं, आत पोकळ. हे पुन्हा पुन्हा बिघडवूनच हाताला कळतं, पण बिघडलेलं तुम्हाला दाखवायची सोय नाही, म्हणून त्यानं ते करणंच बंद केलं. सहा आठवड्यांत तो मागे पडला असेल तर तो या फोटोपायी. आजपासून फोटो बंद करा.

वही न विचारता पाठवलीत, हेही बरं केलं नाही. त्याला ते सांगून टाका. पण आता ती समोर आहेच, आणि तुमच्या पत्रापेक्षा ती जास्त बोलते. रोजची सेटिंग्ज त्यानं लिहून ठेवली आहेत. असं करणारे शिकाऊ थोडे असतात.

त्या वहीतली एक ओळ वाचून मात्र मी दचकलो: ‘प्लेट ब्रेक क्लीनरने पुसली.’ हे ताबडतोब थांबायला हवं. ब्रेक क्लीनरच्या काही डब्यांत क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट असतं. आर्कच्या (वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीच्या) उष्णतेनं आणि अतिनील किरणांनी त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो, तोही अगदी थोड्या अंशावर घातक. पुसायला अ‍ॅसिटोन वापरावं, ते पूर्ण उडू द्यावं आणि डबा आर्कपासून लांब ठेवावा.

आता ग्राइंडर. तुम्ही ही तक्रार म्हणून लिहिलीत, मला ती पत्रातली सर्वांत चांगली बातमी वाटली. टिगमध्ये टॉर्चमधल्या टंगस्टनच्या कांडीचं टोक वितळलेल्या धातूच्या डबक्याला टेकलं की त्याला स्टील चिकटतं, आर्क भरकटते, आणि टंगस्टनचा कण जोडात राहिला तर एक्स-रे फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. तेव्हा टेकलं की थांबायचं, टोक पुन्हा घासायचं, मगच पुढे. नवशिक्याचं टंगस्टन सतत टेकतं. तसंच पुढे रेटणाऱ्या मुलापेक्षा उठून ग्राइंडरकडे जाणारा मुलगा बरोबर शिकतो आहे. घासताना ओरखडे लांबीच्या दिशेनं यावेत, आडवे आले तर आर्क इकडेतिकडे पळते. निमुळता भाग जाडीच्या दोन-अडीच पट, म्हणजे 1.6 मिमीच्या टंगस्टनला साधारण 4 मिमी. ते चाक फक्त टंगस्टनसाठी राखलेलं असावं. आणि टंगस्टनला लाल पट्टी असेल तर त्यात थोरियम आहे, किरणोत्सारी. त्याची धूळ छातीत जाता कामा नये. लँथेनमवालं घ्यायला सांगा, म्हणजे प्रश्नच मिटतो.

बीड करडे, भोकं पडलेले येतात. हा दोष त्याच्या हाताचा कमी आणि सेटिंगचा जास्त आहे. वहीप्रमाणे 2 मिमीच्या एमएसला तो 140 अँपिअर लावतो आणि 5 नंबरच्या कपमधून (टॉर्चच्या तोंडावरच्या नळीतून) मिनिटाला 20 लिटर आर्गन, म्हणजे जोडाला हवेपासून वाचवणारा गॅस, सोडतो. टंगस्टन 12 मिमी बाहेर. तिन्ही आकडे चुकीचे आहेत. पातळ स्टीलला दर मिमीला 40 अँपिअरच्या आसपास धरावं, म्हणजे इथे 80च्या जवळ. गॅस जास्त सोडला की संरक्षण वाढतं असं सगळ्यांना वाटतं. बारीक तोंडातून जोरात सोडलेला आर्गन घुसळतो आणि बाजूची हवा आत ओढतो. भोकं त्यातूनच येतात. कप 7 नंबरचा, गॅस 8 लिटर, टंगस्टन 5-6 मिमी बाहेर, एवढा बदल करून बघू द्या. आर्क थांबल्यावर टॉर्च लगेच उचलायचा नाही. आठ-दहा सेकंद गॅस चालू राहू द्यायचा, नाहीतर गरम टंगस्टन आणि बीडचा शेवट दोन्ही काळे पडतात. पट्टीवरची काळी खपली घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत काढायची. तो फक्त पुसतो आहे.

हाताबद्दल. अधांतरी धरलेला कुणाचाही हात थरथरतो. मनगट किंवा करंगळीची बाजू टेबलावर टेकवायची, टॉर्चच्या केबलचं वजन खांद्यावर नाहीतर दंडावर टाकायचं, आणि आर्क न पेटवता एकदा पूर्ण रेघभर हात फिरवून बघायचा. मध्ये कुठे अडतो ते आधीच कळतं. आर्कची लांबी 2-3 मिमी, टॉर्च उभ्या रेषेपासून 15 अंश मागे कललेला. फिलर डबक्याच्या पुढच्या कडेला टेकवायचा, थेट आर्कमध्ये खुपसायचा नाही. बाहेर काढतानाही त्याचं टोक गॅसच्या आतच ठेवायचं. बोटांनी रॉड पुढे सरकवण्याचा सराव हातमोजा घालून घरीसुद्धा होतो. हेल्मेटही तपासा. 80 अँपिअरला 13 नंबरची, जास्त काळी काच लावून बसला असेल तर त्याला डबकं दिसतच नसणार. 10 नंबर पुरते. ती लावूनही दिसत नसेल तर डोळ्यांचा नंबर तपासून घ्या.

आता 6जी. तुमच्या मनात असं दिसतं की हे सर्टिफिकेट पदवीसारखं एकदा मिळालं की जन्मभर चालतं. तसं नाही. 6जी म्हणजे 45 अंशांत तिरका, जागचा न हलणारा पाइप चारी बाजूंनी जोडण्याची चाचणी. ती कोणत्या प्रोसेसनं (वेल्डिंगच्या पद्धतीनं), कोणत्या जाडीवर, किती व्यासाच्या पाइपवर आणि कोणत्या फिलरनं दिली, त्याच मर्यादेत ती चालते. एएसएमई या अमेरिकन इंजिनीअर संस्थेच्या नियमावलीतल्या सेक्शन 9 प्रमाणे सहा महिने त्या प्रोसेसचं काम केलं नाही तर पात्रता संपते. आयएसओ 9606-1 या आंतरराष्ट्रीय मानकातही दर सहा महिन्यांनी पुष्टी लागते. नवीन मालक सहसा स्वतःची चाचणी घेतोच. तिथे पाइपच्या आतलं मूळ बघतात, तुकडे कापून वाकवतात किंवा एक्स-रे काढतात. एएसएमईच्या वाकवण्याच्या चाचणीत 3 मिमीपेक्षा मोठी चीर उघडली की तुकडा नापास. क्रॅश कोर्सचा कागद दाखवून परदेशी गेलेला मुलगा पहिल्याच तुकड्यावर परत पाठवला जाऊ शकतो, आणि एजंटला दिलेले पैसे मागे येत नाहीत. तेव्हा क्रॅश कोर्स नको.

कागद हवाच असेल तर आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड किंवा पॉलिटेक्निकचा मेकॅनिकल डिप्लोमा आहे. त्याची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल.

वर्गातून त्याला काढू नका. पण पुढचे दोन महिने अ‍ॅल्युमिनियमचं नाव काढू नका, स्टेनलेसचंही नाही. ‘त्यात पैसा जास्त’ म्हणून घाई होते. अ‍ॅल्युमिनियमला एसी (उलटसुलट वाहणाऱ्या विजेचं) मशीन लागतं, कारण वरचा ऑक्साइडचा थर 2000 अंशांच्या वर वितळतो आणि खालचा धातू 660लाच पाणी होतो. स्टेनलेसला मागच्या बाजूनंही आर्गन द्यावा लागतो, नाहीतर मागून काळी, दाणेदार पपडी धरते. एमएसवर आधी फिलरशिवाय 5-6 मिमी रुंदीचं डबकं एकसारखं चालवणं, मग फिलर, मग बाहेरचा कोपरा, लॅप (एकावर एक पट्टी), टी आणि शेवटी बट (कडेला कड). प्रत्येक जोड करवतीनं मधोमध कापून, पॉलिश पेपरनं घासून मूळ वितळलं का ते बघायचं. टी-जॉइंट तर हातोड्यानं उलटा मोडूनच बघावा.

पत्रात त्याचं स्वतःचं एकही वाक्य नाही. वेल्डिंग त्याला का आवडतं, पाइपचं काम करायचं की पत्र्याचं, घर सोडायची तयारी आहे का, यातलं मला काहीच कळलेलं नाही. यापुढचं पत्र त्याला लिहू द्या, आणि पाठवण्यापूर्वी तुम्ही वाचू नका. सोबत कापलेल्या टी-जॉइंटचे तुकडे दिसतील असा फोटो त्यानं हवा तर जोडावा, खराब असले तरी.