गावाकडच्या घरातील चूल सुरक्षितपणे कशी पेटवावी? धूर फार होतो. वारा येऊ नये म्हणून खिडकी लावून घ्यावी का?

खिडकी लावू नका. आपला बाकीचा प्रश्न साधा आहे, परंतु या खिडकीच्या उल्लेखामुळे मी लिहायला बसलो, कारण आमच्या घरात हा वाद आजही मिटलेला नाही.

औसा तालुक्यातील आमचे जुने घर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे होते. स्वयंपाकघराच्या माथ्यावर साणे, म्हणजे छतातले उघडे भोक होते व चुलीचा धूर त्यातून सरळ वर जाई. पाऊस आला की त्यावर घमेले पालथे घालावे लागे, एवढाच काय तो त्रास. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि त्यानंतर माळवदाखाली अंग टाकायला आमच्याकडे कोणी धजेना. पुढे पत्र्याचे घर बांधले, तेव्हा मी धुराड्याचा आग्रह धरला. थोरले बंधू अण्णा म्हणाले, “पत्र्याला भोक पाडलं की पाणी आत आलंच समज. धुरानं आजवर कोण मेलंय?” घर त्यांच्या देखरेखीखाली होत होते, त्यामुळे धुराडे करायचे राहिले ते राहिलेच.

एका जानेवारीत थंडी फार पडली. रात्रीच्या भाकरी झाल्यावर अण्णांनी चुलीतील लालबुंद निखारे घमेल्यात भरले, आईच्या खाटेशेजारी नेऊन ठेवले आणि खिडकीच्या फटीत पोते कोंबले. धूर अजिबात नव्हता, म्हणून कोणालाच काही वावगे वाटले नाही. पहाटे आई हाकेला ओ देईना. तिला ओसरीवर आणले तेव्हा तिला ओकारी झाली, डोके फुटते आहे असे ती पुटपुटली आणि उभे करू लागलो तर पाय टेकेनात. तालुक्याच्या डॉक्टरांनी नाडी धरण्याआधीच विचारले, “खोलीत निखारे होते का?” ऑक्सिजन लावल्यावर दुपारी आई नीट बोलू लागली. अण्णा मात्र आजतागायत सांगतात की ते पित्त होते.

ते पित्त नव्हते. निखारे धुमसत असताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून ठेवते. धुराने निदान डोळे तरी चुरचुरतात, निखारा तेवढीही सूचना देत नाही. म्हणून निजायच्या खोलीत निखारे नेऊ नयेत, आणि चूल पेटवण्यापूर्वी दार-खिडकी उघडावी; वाऱ्याचा झोत थेट येत असेल तर चुलीला आडोसा करावा, खोलीला नव्हे.

पेटवण्याविषयी थोडक्यात सांगतो. जुनी राख निम्मी काढावी, मूठभर कोरड्या तुराट्या मोडून रचाव्यात, त्यांवर गोवरीचा तुकडा तिरपा ठेवावा आणि खालून काडी लावावी. बाभळीचे जाड लाकूड जाळ धरल्यावरच आत सारावे व चुलीचे तोंड कधीही गच्च भरू नये, कारण खालून हवा शिरली नाही तर नुसता धूरच होतो. यंदा तोडलेले लाकूड यंदा जाळू नये. त्यातील पाणी आटवण्यातच जाळाची शक्ती जाते. फुंकणीने फुंकताना श्वास घ्यायचा झाल्यास फुंकणी तोंडापासून दूर करावी, नाहीतर धूर छातीत ओढला जातो. रॉकेल ओतून चूल पेटवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, केवळ त्यांच्या घरी स्वयंपाक होताना बसत नाही. नायलॉनची साडी वा ओढणी चुलीपाशी नको. तापलेल्या चुलीवर पाणी मारू नये, माती तडकते आणि गरम राख उसळते. वरून थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटात सकाळपर्यंत विस्तव राहतो, त्यामुळे कडब्याच्या गंजीजवळच्या उकिरड्यावर ती टाकू नये.

मी धुराड्याचा कैवारी असलो तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. धुराड्यात काजळी साचते, ती वर्षातून एकदोनदा तरी झाडावी लागते, आणि पत्र्यातून वर जाणारी नळी लाकडी वाशाला टेकलेली असेल तर तीच आगीचे कारण होते.

यंदा अण्णांनी स्वतःहून धुराडे बसवून घेतले आहे. पत्रा काळा पडतो म्हणून बसवले, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.