इतक्या धार्मिक अमेरिकन लोकांना ट्रम्प कसे काय चालतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या बाई दारूला शिवत नाहीत, डबा उघडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करतात, रविवारचं चर्च चुकवत नाहीत, आणि गाडीवर स्टिकर मात्र ट्रम्प यांचं. तीन लग्नं, कॅसिनोचा धंदा, शिवाय मे 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने 34 आरोपांत दोषी ठरवलेला माणूस. हे एका डोक्यात मावतं कसं?

मावतं. पण आधी "धार्मिक अमेरिकन" हा गठ्ठा सोडवायला हवा, कारण आपल्याकडचे बहुतेक लेख तिथेच घसरतात.

बातम्यांत येतो तो 2016 च्या एक्झिट पोलचा आकडा: 81 टक्के गोऱ्या इव्हँजेलिकलांनी (बायबलला अंतिम प्रमाण मानणाऱ्या, व्यक्तिगत धर्मांतरावर भर देणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी) ट्रम्प यांना मत दिलं. तो कसा निघतो ते बघा. मत देऊन बाहेर आलेल्या माणसाच्या हातात एक फॉर्म देतात. त्यात एक प्रश्न असतो: तुम्ही स्वतःला "बॉर्न अगेन" किंवा इव्हँजेलिकल ख्रिस्ती म्हणवता का? हो किंवा नाही, एवढंच. "हो"वर खूण करणाऱ्यांत कॅथलिकही सापडतात, आणि वर्षानुवर्षं चर्चची पायरी न चढलेलेही. त्यातले गोरे वेगळे काढून ट्रम्प यांना मत देणारे मोजले की तो 81 टक्क्यांचा आकडा मिळतो. या पद्धतीने 2016 च्या मतदारांत हे लोक साधारण 26 टक्के भरले. उलट पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट इव्हँजेलिकलांतले फक्त गोरे प्रोटेस्टंट मोजते, आणि तिच्या मोजणीत लोकसंख्येतला त्यांचा वाटा 2006 मध्ये 23 टक्के होता, तो 2020 मध्ये साडेचौदावर आला. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत; एका वाक्यात शेजारी ठेवले की घोळ होतो. (शिवाय ही मंडळी मतदानाला नेमाने जातात, त्यामुळे मतदारांतला वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा मोठाच दिसणार.)

"गोरे" हा शब्द गाळला तर सगळंच चुकतं. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट बायबल तितक्याच निष्ठेने वाचतात, चर्चला नेमाने जातात, आणि प्यू संस्थेच्या पाहणीनुसार 2020 मध्ये त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांनी बायडन यांना मत दिलं. म्हणजे श्रद्धा किती खोल आहे यावरून मत ओळखता येत नाही. आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनवरून अमेरिकन प्रोटेस्टंटांची कल्पना करून बसला असाल, तर ती माणसं वेगळ्या परंपरेतली. त्या मिशनमागच्या मूळ संस्थेचा वारसा आज युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टकडे आहे. ते अमेरिकेतल्या सर्वांत उदारमतवादी चर्चांपैकी एक. ओबामा शिकागोत ज्या चर्चचे सदस्य होते ते त्याच पंथाचं.

आता चारित्र्याचा मुद्दा. "पूर्वी हे लोक चारित्र्य बघायचे, ट्रम्पनी बिघडवले" असं म्हणतात. अर्धंच खरं. 1980 मध्ये एका बाजूला होते जिमी कार्टर: सदर्न बॅप्टिस्ट (अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ), संडे स्कूलमध्ये शिकवणारे, एकाच बायकोशी आयुष्यभर संसार. दुसऱ्या बाजूला रोनाल्ड रेगन: घटस्फोटित, हॉलिवूडचे नट. गोऱ्या इव्हँजेलिकलांचा कल गेला रेगन यांच्याकडे. त्या ऑगस्टमध्ये, तुमच्याच डॅलसमध्ये, हजारो पाद्री आणि चर्चवाल्यांसमोर रेगन म्हणाले होते की तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. सारी मेख या वाक्यात आहे, त्याच्याकडे परत येतो.

मधल्या काळात अध्यक्ष क्लिंटन आले आणि त्यांचं विवाहबाह्य प्रकरण गाजलं. 1998 मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने, म्हणजे त्या पंथाच्या संघटनेने, ठराव केला की पुढाऱ्यांची गंभीर दुष्कृत्यं खपवून घेतली तर समाजाची सदसद्विवेकबुद्धी बोथट होते. ठराव आजही कागदावर आहे, आणि टीकाकार दर निवडणुकीला तो बाहेर काढतात. 2011 मध्ये पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूटने विचारलं: खाजगी आयुष्यात अनैतिक वागलेला पुढारी सार्वजनिक काम सचोटीने करू शकतो का? 30 टक्के गोरे इव्हँजेलिकल "हो" म्हणाले. ऑक्टोबर 2016 मध्ये तोच प्रश्न, "हो" म्हणणारे 72 टक्के. पाच वर्षांत धर्मशास्त्र बदलत नाही. उमेदवार बदलला होता. याला ढोंग म्हणायचं तर म्हणा, पण त्याने पुढचं काही कळत नाही. माणसं बहुतेकदा पक्ष आधी ठरवतात आणि कारणं मागाहून जुळवतात. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही.

मग रेगन यांच्या वाक्यातली मेख. 1954 पासून अमेरिकेत नियम असा की करसवलत हवी असेल तर चर्चने कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. त्याला जॉन्सन दुरुस्ती म्हणतात. त्यामुळे "पाद्री सांगतो, माणसं मत देतात" हे आपल्या डोक्यातलं चित्र तिथे फारसं लागू नाही. (जुलै 2025 मध्ये कर खात्याने टेक्ससच्या कोर्टात भूमिका घेतली की आपल्या भक्तांपुढे केलेलं असं आवाहन या बंदीत येत नाही.) एरवी काम चालतं ते पत्रकांवर. एका कागदावर दोन उमेदवार, खाली मुद्दे: गर्भपात, शाळेतली प्रार्थना, बंदुका, प्रत्येकापुढे "विरोध" किंवा "पाठिंबा". कोणाला मत द्या हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. ख्रिश्चन कोअलिशन या इव्हँजेलिकलांच्या राजकीय संघटनेने 1990 च्या दशकात निवडणुकीआधीच्या रविवारी चर्चमध्ये आणि पार्किंगमधल्या गाड्यांवर असे गठ्ठेच्या गठ्ठे वाटले.

करसवलतीच्या या धाग्याला भीतीची एक गाठ आहे. बॉब जोन्स या ख्रिस्ती विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या आंतरवंशीय प्रेमसंबंधांवर बंदी घातली म्हणून त्याची सवलत गेली, आणि 1983 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते योग्य ठरवलं. एप्रिल 2015 मध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्यात न्यायमूर्ती अलिटो यांनी सरकारी वकिलाला विचारलं की असे विवाह न मानणाऱ्या धार्मिक कॉलेजांचंही उद्या हेच होणार का. वकील "नाही" म्हणाले नाहीत. हा प्रश्न उपस्थित होईल, असं म्हणाले. धार्मिक शाळा-कॉलेजं चालवणाऱ्यांनी ते उत्तर पाठ करून ठेवलं. समलिंगी विवाहाला मान्यता देणारा निकाल आला 26 जून 2015 ला. त्याच्या दहा दिवस आधी ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर केली होती.

तुमच्या सहकारी बाईंच्या जागी बसून बघा. संख्या घटतेय, कोर्ट विरोधात गेलंय, आपल्या मुलांचं कॉलेज उद्या राहील का माहीत नाही. अशा वेळी माणूस कीर्तनकार शोधत नाही, दांडगा रखवालदार शोधतो. तो शिव्या देतो? देऊ दे, आपल्या बाजूने देतोय ना. ट्रम्प यांनीही ओळखून नेमका मोबदला पुढे केला. फेब्रुवारी 2016 मध्ये न्यायमूर्ती स्कालिया वारले, सुप्रीम कोर्टात जागा रिकामी झाली. मे महिन्यात ट्रम्प यांनी संभाव्य न्यायाधीशांची 11 नावांची यादीच छापली, सप्टेंबरमध्ये ती 21 वर नेली. उमेदवाराने अशी लेखी यादी द्यायची रीत नव्हती. तिथले न्यायाधीश तहहयात असतात, म्हणून चार वर्षांच्या अध्यक्षाचा हिशेब तीस वर्षांच्या कोर्टाशी घातला जातो. गॉर्सच, कॅव्हनॉ, बॅरेट अशा तीन नेमणुका झाल्या. 24 जून 2022 ला त्या कोर्टाने 1973 चा गर्भपाताच्या हक्काचा निकाल रद्द केला. ज्यांनी जवळजवळ 50 वर्षं त्यासाठी मोर्चे काढले, त्यांना ट्रम्प बायबलमधल्या एका पत्राचं नाव चुकीचं उच्चारतात हे सांगून काय उपयोग? (जानेवारी 2016 मध्ये लिबर्टी या इव्हँजेलिकल विद्यापीठात ते "सेकंड कॉरिंथियन्स"ऐवजी "टू कॉरिंथियन्स" म्हणाले होते. विद्यार्थी हसले, आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांनी आठ दिवसांनी पाठिंबा दिला.)

हा झाला सौदा. दुसरी एक भाषा आहे ती अभिषेकाची, आणि ती पेंटेकोस्टल, कॅरिस्मॅटिक चर्चांत (चमत्कार, भविष्यवाणी यांवर भर देणाऱ्या) जास्त ऐकू येते. बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या 45 व्या अध्यायात देव सायरस या पर्शियन राजाला आपला अभिषिक्त म्हणतो. सायरस ज्यू नव्हता, देवाला ओळखतही नव्हता, तरी बॅबिलोनमधल्या ज्यूंची सुटका त्याच्या हातून झाली. लान्स वॉलनॉ या प्रचारकाने 2016 मध्ये मांडलं: अध्याय 45 वा, आणि येणारा अध्यक्षही 45 वा. या मांडणीत ट्रम्प यांचं धार्मिक नसणं हाच पुरावा ठरतो, त्यामुळे त्यांचे दोष दाखवून ती खोडता येत नाही. मे 2018 मध्ये अमेरिकेचा दूतावास जेरुसलेमला गेला, मार्च 2018 मध्ये नेतान्याहू स्वतः सायरसचं नाव घेऊन बोलले होते. या मंडळींना आणखी काय हवं? जुलै 2024 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बटलरच्या सभेत गोळी ट्रम्प यांच्या कानाला चाटून गेली, तेव्हापासून "देवाने वाचवलं" हे इतर चर्चांतही सर्रास बोललं जातं.

इथे माझ्याच सौद्याच्या मांडणीला एक भोक पडतं, ते लपवत नाही. जुलै 2024 मध्ये रिपब्लिकन पक्षाने जाहीरनाम्यातून देशव्यापी गर्भपातबंदीची मागणी काढून टाकली आणि विषय राज्यांवर सोडला. निव्वळ सौदा असता तर मतं घटायला हवी होती. नोव्हेंबरच्या एक्झिट पोलमध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांची मतं पुन्हा 80 टक्क्यांच्या वर. म्हणजे मधल्या आठ वर्षांत चालवून घेण्याचं रूपांतर आपुलकीत झालं होतं. "इव्हँजेलिकल" हीच काही अंशी राजकीय ओळख झालीय: राजकीय अभ्यासक रायन बर्ज यांनी दाखवलंय की स्वतःला तसं म्हणवणाऱ्यांत चर्चला क्वचित किंवा कधीच न जाणारे 2008 मध्ये 16 टक्के होते, 2020 मध्ये 27.

विरोध करणारेही होते, आणि त्यांना किंमत मोजावी लागली. नामवंत इव्हँजेलिकल प्रचारक बिली ग्रॅहम यांनी स्थापन केलेल्या "ख्रिश्चॅनिटी टुडे" मासिकाने डिसेंबर 2019 मध्ये ट्रम्प यांना पदावरून दूर करा असं संपादकीय लिहिलं. ग्रॅहम यांचे चिरंजीव फ्रँकलिन यांनी लगेच सांगितलं की वडिलांनी ट्रम्पनाच मत दिलं होतं. रसेल मूर आणि बेथ मूर (नातं काही नाही) या नावाजलेल्या ट्रम्पविरोधकांनी 2021 मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन सोडलं.

आता त्या बाईंशी बोलायचं कसं. ऑफिसात "मत कोणाला दिलं" हे थेट विचारणं तिथे असभ्य समजतात, पण स्टिकर लावणाऱ्याने विषय स्वतःच काढलेला असतो. "ख्रिस्ती असून असं कसं?" हे टाळा, हा प्रश्न त्यांनी शंभरदा ऐकलाय आणि उत्तर तयार आहे: बायबलमधला दाविद राजाही पापी होता. त्याऐवजी जेवताना सहज विचारा की 2016 च्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) त्यांना कोण आवडलं होतं. टेक्ससची प्रायमरी ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांनी जिंकली होती, आणि देशभर नेमाने चर्चला जाणाऱ्यांत ट्रम्प तेव्हा मागे होते. त्या "क्रूझ" म्हणाल्या तर न्यायाधीशांबद्दल विचारा, तासभर बोलतील. "पहिल्यापासून ट्रम्प" म्हणाल्या तर चर्च कोणतं ते विचारा, बॅप्टिस्ट की पेंटेकोस्टल. आणि सायरसचं नाव निघतंय का याकडे कान ठेवा.